लय आधी परतते, अलिंद मागाहून

हृदयाची अनियमित झालेली लय औषधाने, विजेच्या झटक्याने किंवा आपसूक पूर्ववत झाली, की ती सुधारणा ईसीजीच्या कागदावर तत्काळ उमटते आणि रुग्णाबरोबर त्याचे नातेवाईकही सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु ईसीजी हा हृदयातील विद्युत घडामोडींचा आलेख असतो, स्नायूच्या आकुंचनाचा नव्हे, आणि या दोन गोष्टी एकाच वेळी पूर्वपदावर येतातच असे नाही. अलिंद-कंपन, म्हणजे वैद्यकीय व्यवहारात ज्याला एट्रियल फिब्रिलेशन किंवा नुसते ‘एएफ’ म्हटले जाते, त्या विकारात हे अंतर विशेष ठळकपणे दिसते. लय परतल्यानंतरही हृदयाचे वरचे कप्पे काही तास, काही दिवस, प्रसंगी काही आठवडे पुरेसे आकुंचन पावत नाहीत. या अवस्थेला अलिंदाची सुन्नता म्हणता येईल. रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचा धोका नेमक्या याच काळात एकवटलेला असतो, त्यामुळे हा विषय केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाचा राहत नाही.

हृदयाला चार कप्पे असतात हे शालेय पुस्तकातून सर्वांना ठाऊक असते. पण वरच्या दोन कप्प्यांकडे, म्हणजे अलिंदांकडे, खालच्या निलयांच्या तुलनेने कमीच लक्ष दिले जाते आणि त्यात वावगेही काही नाही, कारण अलिंदाचे आकुंचन थांबले तरी माणूस जगतो, निलयाचे थांबले तर काही मिनिटांत दगावतो. तरीही अलिंद हे केवळ रक्ताचे दालन नव्हे. डावे निलय आकुंचन पावत असताना आणि अलिंद व निलय यांच्यामधली मायट्रल झडप मिटलेली असताना फुप्फुसांकडून येणारे रक्त साठवून ठेवणे, झडप उघडताच ते रक्त खाली वाहू देणे, आणि निलय भरत आल्यावर शेवटी स्वतः आकुंचन पावून उरलेले रक्त त्यात ढकलणे, अशी तीन कामे ते एकाच ठोक्यात करते. शेवटच्या ढकलण्यातून निलयाच्या एकूण भरणापैकी साधारण २० ते ३० टक्के रक्त येते. तरुण, निरोगी माणसाला विश्रांतीच्या वेळी हा हिस्सा गेल्याचे जाणवतही नाही. परंतु वाढते वय, जुना रक्तदाब किंवा मधुमेह यांमुळे ज्याचे निलय ताठर झालेले असते आणि आपसूक भरून घेण्यास नाखूश असते, त्याचा मोठा भार या शेवटच्या ढकलण्यावर असतो, आणि ते बंद पडताच जिना चढताना धाप लागू लागते. अलिंदाचे आणखी एक काम बऱ्याच उशिरा उमगले. कॅनडातील किंग्स्टन येथे अडॉल्फो द बोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली उंदराच्या अलिंदाचा अर्क दुसऱ्या उंदराला टोचला, तेव्हा लघवीवाटे मीठ व पाणी मोठ्या प्रमाणात बाहेर पडू लागले. म्हणजे अलिंद ही ताण ओळखून संप्रेरक सोडणारी एक ग्रंथीही आहे. कंपनाच्या काळात या संप्रेरकाची रक्तातील पातळी वाढलेली असते आणि लय परतल्यावर ती उतरते.

अलिंद थरथरते पण आकुंचन पावत नाही, हे निरीक्षण ईसीजीच्या कितीतरी आधीचे आहे. विल्यम हार्वे यांनी रक्ताभिसरणावरील आपल्या १६२८ च्या ग्रंथात मरणासन्न प्राण्यांच्या हृदयाचे वर्णन करताना निलये थांबल्यावरही उजव्या अलिंदात चालू राहणारी लहरींसारखी हालचाल नोंदवली आहे. आजाऱ्याच्या शरीरात ही अवस्था ओळखण्याचे श्रेय मात्र मोठ्या प्रमाणात जेम्स मॅकेन्झी यांच्याकडे जाते. इंग्लंडमधील बर्नली या गिरणीगावात सर्वसाधारण डॉक्टर म्हणून काम करणाऱ्या या गृहस्थांनी मनगटाची नाडी आणि मानेतील शीर यांची स्पंदने एकाच वेळी कागदावर उतरवणारे उपकरण वापरले, आणि वर्षानुवर्षे तेच ते रुग्ण तपासत राहिल्यामुळे मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाला सहसा न मिळणारी संधी त्यांना मिळाली, ती म्हणजे तोच माणूस विकाराआधी आणि विकारानंतर पाहण्याची. मानेच्या शिरेत निलयाच्या ठोक्याच्या किंचित आधी एक लहानशी लाट उठते. ती अलिंदाच्या आकुंचनाची असते. मायट्रल झडप अरुंद झालेल्या रुग्णांची नाडी कायमची अनियमित झाली, की मानेतील ती लाट नाहीशी होते आणि झडपेवर ऐकू येणाऱ्या खरखरीचा अलिंदामुळे येणारा शेवटचा भागही त्याच वेळी लोपतो, हे त्यांच्या ध्यानात आले. अलिंद लुळे पडले असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे लायडन येथे विलेम आइंटहोफेन यांनी आपल्या तार-गॅल्व्हानोमीटरवर काढलेले अशा नाडीचे आलेख १९०६ मध्ये प्रसिद्ध केले, आणि १९०९ मध्ये लंडनचे थॉमस लुईस व व्हिएन्नाचे रोथबर्गर आणि विंटरबर्ग यांनी ही नाडी अलिंदाच्या कंपनातून येते हे स्पष्ट केले. लुळेपणाची कल्पना विद्युतदृष्ट्या चुकीची ठरली, कारण अलिंदात वीज थांबलेली नव्हती, उलट तिचा गोंधळ माजलेला होता. पण स्नायूच्या कामाच्या दृष्टीने मॅकेन्झी फारसे चुकले नव्हते, आणि लय परतल्यानंतरच्या काळापुरते पाहिले तर त्यांचा शब्द आजही चपखल बसतो.

कंपनाच्या काळात अलिंदात मिनिटाला साधारण ३५० ते ६०० विद्युत लहरी वाटेल तशा फिरत असतात. अलिंद आणि निलय यांच्या सीमेवरची गाठ यांतल्या बऱ्याच अडवते आणि उरलेल्या अनियमित अंतराने खाली सोडते. नाडीचा अनियमितपणा येतो तो इथून. इतक्या वेगाने उद्दीपित होणाऱ्या स्नायूला सामूहिक आकुंचन साधत नाही, म्हणून रक्त संथ होते, आणि सर्वांत जास्त संथ होते ते डाव्या अलिंदाला पुढच्या बाजूने चिकटलेल्या, आतून खाचाखोचा असलेल्या बोटाएवढ्या पिशवीत. शरीररचनाशास्त्रात तिला अलिंद-उपांग म्हणतात. झडपेचा संधिवाती विकार नसलेल्या एएफमध्ये डाव्या अलिंदात सापडणाऱ्या सुमारे ९० टक्के गुठळ्या या उपांगात असतात. झडपेच्या संधिवाती विकारात हे प्रमाण कमी, म्हणजे सुमारे ५७ टक्के असते, कारण तिथे अलिंदाचा मुख्य कप्पाच इतका फुगलेला आणि साचलेला असतो की गुठळीला उपांगाचा आडोसा लागत नाही.

ही लय मोडण्याचा आजचा रूढ मार्ग बॉस्टनच्या बर्नार्ड लाउन यांनी १९६२ मध्ये मांडला. त्याआधी वापरल्या जाणाऱ्या उलटसुलट विद्युतप्रवाहाऐवजी त्यांनी एकदिश प्रवाहाचा झटका वापरला आणि तो ईसीजीवरील निलयाच्या उंच लहरीशी जुळवून दिला, जेणेकरून निलय सावरत असतानाच्या नाजूक क्षणी झटका बसून त्यालाच कंप सुटू नये. कार्डिओव्हर्जन म्हणतात ते हेच. रुग्णालयात बोलीभाषेत त्याला ‘शॉक देणे’ म्हटले जाते आणि रुग्णाला गुंगीचे औषध देऊन ते काही क्षणांत उरकते. झटका यशस्वी झाला, की उजव्या अलिंदातील नैसर्गिक लय-केंद्र, म्हणजे सायनस नोड, पुन्हा सूत्रे हाती घेते, आणि ईसीजीवर प्रत्येक निलय-लहरीच्या आधी अलिंदाची छोटी, गोलसर ‘पी’ लहर दिसू लागते.

इथपर्यंतचा भाग विजेचा झाला. त्यानंतर स्नायूचे काय होते, हे पाहण्याचे साधन इको तपासणीतील डॉप्लर तंत्र रुळल्यावरच हाती आले. डॉप्लरमध्ये वाहत्या रक्ताचा वेग मोजता येतो. मायट्रल झडपेतून डाव्या निलयात उतरणाऱ्या रक्ताचा आलेख काढला, तर निरोगी माणसात प्रत्येक ठोक्याला दोन शिखरे दिसतात; पहिले, ‘ई’ नावाचे, निलय सैल पडून रक्त आपसूक उतरते त्याचे, आणि दुसरे, ‘ए’ नावाचे, अलिंदाच्या ढकलण्याचे. एएफमध्ये फक्त पहिले शिखर उरते. शॉकनंतर काही मिनिटांनी त्याच रुग्णाची तपासणी केली, तर पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या ईसीजीच्या रेषेवर पी लहरी अगदी वक्तशीर उमटत असतात, पण त्यांच्या बरोबर वर, जिथे ए शिखर उठायला हवे, तिथे एखादा बुटका उंचवटा असतो किंवा तोही नसतो. हुकूम सुटलेला असतो, अंमलबजावणी झालेली नसते.

बॉस्टनचे वॉरेन मॅनिंग व सहकारी यांनी १९८९ मध्ये अशा रुग्णांच्या ए शिखराचा आठवड्यागणिक मागोवा घेतला आणि ते सुमारे तीन आठवड्यांत हळूहळू वाढत जाते असे दाखवले. १९९४ मध्ये त्याच गटाने त्याहून महत्त्वाचा प्रश्न विचारला. सावरायला लागणारा वेळ कशावर अवलंबून असतो? उत्तर स्वच्छ मिळाले. कंपन जितके दिवस चालले, त्यावर. दोन आठवड्यांपर्यंतच्या एएफनंतर अलिंदाचे आकुंचन चोवीस तासांच्या आत पूर्ववत झाले, दोन ते सहा आठवड्यांच्या एएफनंतर आठवडाभर लागला, आणि सहा आठवड्यांहून जुन्या एएफनंतर महिना लागला. ही विभागणी अर्थातच ढोबळ आहे. एखाद्या रुग्णाला एएफ नक्की कोणत्या दिवशी सुरू झाला हेच पुष्कळदा कळलेले नसते, कारण अनेकांना धडधड जाणवत नाही आणि विकार भलत्याच कारणाने काढलेल्या ईसीजीत सापडतो. तरीसुद्धा सरासरीच्या या गणितात एक गोष्ट उठून दिसते, ती म्हणजे लय लवकर परत आणण्याचा लाभ स्नायूच्या खात्यातही जमा होतो.

सुन्न अलिंदाची खरी विचित्र बाजू पुढे आली ती अन्ननलिकेतून केलेल्या इको तपासणीमुळे. अन्ननलिका डाव्या अलिंदाला मागून चिकटून जाते, त्यामुळे तिच्यात उतरवलेल्या नळीच्या टोकावरून उपांग अगदी जवळून दिसते. टीईई या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या तपासणीत उपांगातून बाहेर येणाऱ्या रक्ताचा वेग मोजता येतो. निरोगी माणसात तो सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असतो आणि २० च्या खाली गेला की गुठळीची शक्यता लक्षणीय वाढते. रक्त फारच संथ झाले, तर लाल पेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या चळती बनतात, आणि पडद्यावर अलिंदात भोवऱ्यासारखा फिरणारा करडा धूर दिसतो. तज्ज्ञ मंडळी त्याला ‘धूर’च म्हणतात. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत ग्रिम आणि ऑस्ट्रेलियात फॅटकिन यांच्या गटांनी शॉक देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर लगेच असे चित्रण केले, तेव्हा अपेक्षेच्या उलट घडताना दिसले. लय सुधारल्यावर उपांगातील वेग वाढण्याऐवजी कित्येकांत कमी झाला आणि धूर दाटला. काहींत जो आधी नव्हता तो नव्याने दिसू लागला. याचा अर्थ असा, की कंपनातील वेडीवाकडी थरथरसुद्धा रक्ताला थोडेफार ढवळत होती आणि लय ‘बरी’ झाल्यावर तेही बंद पडले. काही तास वा दिवस अलिंद विकारकाळापेक्षाही अधिक निश्चल असते, ही गोष्ट पचनी पडायला डॉक्टरांनाही वेळ लागला.

कार्डिओव्हर्जननंतर येणाऱ्या पक्षाघाताचे जुने स्पष्टीकरण सोपे होते. अलिंदात आधीपासून गुठळी असते, आकुंचन सुरू झाले की ती सुटते आणि रक्ताबरोबर मेंदूकडे जाते. हे घडतेच, पण सगळे प्रकार त्यात बसत नव्हते. ब्लॅक व सहकारी यांनी १९९४ मध्ये अनेक केंद्रांतून असे १७ रुग्ण गोळा केले, ज्यांच्या टीईईमध्ये शॉकपूर्वी एकही गुठळी नव्हती आणि तरीही नंतर गुठळी सुटून इजा झाली. इजेच्या वेळी त्यांपैकी एकाच्याही रक्तात गुठळीरोधक औषधाचे पुरेसे प्रमाण नव्हते. गुठळी शॉकनंतर, सुन्न पडलेल्या अलिंदात नव्याने जमली असली पाहिजे, हे अनुमान मग टाळता येण्यासारखे राहिले नाही. १९९८ मध्ये बर्जर आणि श्वाइट्झर यांनी ३२ अभ्यासांतील ४,६२१ रुग्णांची आकडेवारी एकत्र मांडली. त्यांतील ९२ रुग्णांना अशी इजा झाली होती, आणि त्यांपैकी ९८ टक्के घटना कार्डिओव्हर्जननंतरच्या पहिल्या दहा दिवसांत घडल्या होत्या.

साहजिकच संशय शॉकवर गेला. छातीतून एवढी वीज घातल्यावर स्नायू बधिर होणारच, हा तर्क मनाला पटणारा असला तरी चुकीचा ठरला, कारण औषधाने लय परतलेल्या, आपसूक परतलेल्या आणि पेसिंगने, म्हणजे तारेतून दिलेल्या कृत्रिम उद्दीपनाने, परतलेल्या रुग्णांतही अलिंद तसेच सुन्न आढळले. उलट, ज्यांचे अलिंद आधीपासून नियमित चालू होते आणि ज्यांना निलयाच्या घातक लयीसाठी शॉक द्यावा लागला, त्यांच्या अलिंदात ही सुन्नता दिसली नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी जुनाट अलिंद-फडफड, म्हणजे एट्रियल फ्लटर, कॅथेटरने (शिरेतून हृदयात नेलेल्या नळीने) मोडल्यावर, बाहेरून एकही झटका न देता, हीच अवस्था दाखवली. तेव्हा दोष लय मोडण्याच्या पद्धतीत नाही. तो त्या लयीने मागे ठेवलेला असतो, फक्त लय असेपर्यंत झाकलेला राहतो.

तो दोष मुख्यतः कॅल्शियमचा आहे. हृदयस्नायूच्या पेशीत प्रत्येक ठोक्याला पेशीपटलावरील ‘एल’ प्रकारच्या मार्गिकांतून थोडेसे कॅल्शियम आत येते, त्या इशाऱ्यावर पेशीतील कोठारातून पुष्कळ अधिक कॅल्शियम सुटते आणि त्यामुळे आकुंचनाचे तंतू एकमेकांवर सरकतात. मिनिटाला पाचशे उद्दीपने होऊ लागली, तर पेशीत कॅल्शियमचा पूर येण्याची भीती असते. तो टाळण्यासाठी पेशी काही तासांतच आत येणारा प्रवाह घटवते आणि पुढे मार्गिकांची संख्याच कमी करते. जुनाट एएफच्या रुग्णांच्या पेशींत हा प्रवाह सुमारे ७० टक्क्यांनी घटलेला आढळला आहे. स्वसंरक्षणाची ही तडजोड कंपन चालू असेपर्यंत पेशीच्या फायद्याची असते. लय परतल्यावर मात्र तीच आड येते, कारण नियमित ठोक्याला लागणारे कॅल्शियम आत यायला दारेच पुरेशी नसतात.

या प्रक्रियेचा बारकाईने अभ्यास झाला तो नेदरलंड्समधील मास्ट्रिख्ट येथे, शेळ्या-बोकडांवर. मॉरिट्स अलेसी यांच्या प्रयोगशाळेत या प्राण्यांच्या अलिंदांना तारा जोडून त्यांच्यात पुन्हा पुन्हा एएफ सुरू करण्यात आला, आणि सुरुवातीला काही सेकंदांत आपोआप थांबणारे कंपन दिवसागणिक लांबत जाऊन शेवटी थांबेनासे होते, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले. एएफच एएफला जन्म देतो, हे तेव्हापासून हृदयतज्ज्ञांचे आवडते वाक्य झाले आहे. त्याच प्रयोगशाळेतील उलरिक शॉटेन यांच्या कामातून पुढे असे दिसले, की विद्युत गुणधर्मांतील बदल आणि आकुंचनातील घट पहिल्या काही दिवसांत हातात हात घालून चालतात, आणि पाच दिवसांच्या एएफनंतर लय परतली तर दोन्ही गोष्टी साधारण दोन दिवसांत मूळपदावर येतात. आकुंचनाची यंत्रणा शाबूत असते आणि तिला कॅल्शियम तेवढे कमी पडते, याचा माणसातील पुरावा मेलबर्नच्या गटाने दिला. लय परतल्यानंतर सुन्न पडलेल्या अलिंदाला आयसोप्रोटेरेनॉल हे आकुंचन वाढवणारे औषध किंवा कॅल्शियम शिरेतून दिल्यावर त्याचे आकुंचन तेवढ्यापुरते सुधारले. उपचार म्हणून याचा उपयोग नाही, पण निदान म्हणून हे फार मोलाचे आहे, कारण ज्या स्नायूला ठरावीक औषधाने तासाभरासाठी का होईना जागे करता येते, तो मेलेला नसतो.

एएफ महिनोन्‌महिने चालला, तर मात्र गोष्ट कॅल्शियमवर थांबत नाही. पेशीतील आकुंचनाचे तंतू विरघळतात, त्यांच्या जागी ग्लायकोजेन साठतो, आणि पेशी काही बाबतींत गर्भावस्थेतील पेशीसारखी दिसू लागते. मास्ट्रिख्टच्या शेळ्यांत लय परतून चार महिने उलटल्यावरही हे बदल पूर्णपणे मागे गेले नव्हते. पेशी-पेशींमधल्या जागेत तंतुमय ऊती, म्हणजे वण, वाढत गेले, की ते कायमचे राहतात असेच धरून चालावे लागते. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम टोचून हे वण पाहण्याची पद्धत आहे. तिच्यावर आधारलेल्या २०१४ च्या एका बहुकेंद्री अभ्यासात अलिंदाच्या भिंतीचा १० टक्क्यांपेक्षा कमी भाग वणांनी व्यापलेल्यांपासून ३० टक्के व त्याहून अधिक व्यापलेल्यांपर्यंत चार गट पाडले गेले, आणि वण जितके जास्त, तितका कॅथेटरने केलेल्या उपचारानंतर एएफ उलटण्याचा संभव जास्त, असे दिसले. म्हणून ‘अलिंद सावरते का?’ या प्रश्नाचे एकच एक उत्तर संभवत नाही. कॅल्शियमची तूट दिवसांत भरते, तंतूंची बांधणी महिन्यांत होते आणि वण भरून निघत नाहीत. एकाच रुग्णाच्या एकाच अलिंदात ही तिन्ही वेळापत्रके एकमेकांत मिसळून चालू असतात. रुग्णाला जाणवणारी सुधारणाही त्यामुळेच रेंगाळत येते. चालण्याची ताकद शॉकच्या दुसऱ्या दिवशी नव्हे, तर काही आठवड्यांनी वाढल्याचे दिसते, आणि शॉक देऊनही दम लागतोच आहे म्हणून दुसऱ्या दिवशी हताश होणाऱ्या रुग्णाला ही गोष्ट आधीच सांगून ठेवणे डॉक्टरांच्या हिताचे असते.

उपचारांचे नियम या वेळापत्रकातूनच आले आहेत. एएफ जुना असेल किंवा कधी सुरू झाला हे माहीत नसेल, तर शॉकपूर्वी किमान तीन आठवडे गुठळीरोधक औषध द्यायचे, म्हणजे असलेली गुठळी विरेल किंवा भिंतीला घट्ट चिकटेल. आणि शॉकनंतर किमान चार आठवडे ते चालू ठेवायचे, म्हणजे सुन्न अलिंदात नवी गुठळी होणार नाही. पहिले तीन आठवडे टीईई करून वाचवता येतात. या दोन मार्गांची तुलना करणाऱ्या ‘अ‍ॅक्यूट’ नावाच्या अभ्यासात १,२२२ रुग्ण होते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत गुठळीच्या इजेचे प्रमाण दोन्ही गटांत एक टक्क्याहून कमी होते आणि त्यांत अर्थपूर्ण फरक नव्हता. नंतरचे चार आठवडे मात्र कोणत्याही तपासणीने वाचत नाहीत, कारण जी गुठळी अजून झालेलीच नाही ती पडद्यावर दिसणार कशी? एएफ ४८ तासांच्या आतला असेल तर आधीच्या तयारीशिवाय लय मोडता येते, असा दीर्घकाळचा संकेत होता. युरोपीय हृदयरोग संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शनात ही मर्यादा २४ तासांवर आणली.

महाराष्ट्रात अशा रुग्णाच्या हाती बहुधा दोहोंपैकी एक प्रकारची गोळी असते. एक नव्या पिढीची, ठरावीक मात्रेची, जिला वारंवार रक्ततपासणी लागत नाही; दुसरी जुनी, म्हणजे वॉरफॅरिन किंवा ‘एसिट्रॉम’ या नावाने परिचित असलेले तिचे भावंड, जिची मात्रा आयएनआर या तपासणीवर ठरते आणि जी घेताना पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवू वा घटवू नये असे सांगितले जाते. नवी गोळी सोयीची असली, तरी ती सर्वांना चालत नाही. घशाच्या संसर्गानंतर लहानपणी आलेल्या संधिवाती तापातून मायट्रल झडप अरुंद झालेले रुग्ण पाश्चात्त्य देशांत दुर्मीळ झाले असले, तरी भारतात ते आजही मोठ्या संख्येने दिसतात, आणि त्यांच्यातला एएफ पुष्कळदा ऐन चाळिशी-पन्नाशीत येतो. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील अशा रुग्णांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ या अभ्यासात जुन्या प्रकारच्या गोळीने रिव्हरॉक्साबान या नव्या गोळीपेक्षा कमी मृत्यू झाल्याचे दिसले. त्यामुळे शेजाऱ्याला बिनतपासणीची गोळी मिळाली, मग आपल्यालाच दर महिन्याला रक्त का द्यावे लागते, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा झडपेत असते. अशा रुग्णात झडप अरुंद असेपर्यंत अलिंदावरचा दाब उतरत नाही, म्हणून नुसती लय मोडून फारसे साधत नाही. फुगा फुगवून झडप रुंद केल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर अलिंदाला सावरायला खरी संधी मिळते, आणि तीही एएफ किती जुना आहे यावर मर्यादित असते.

निलयाची कथा याच्याशी समांतर असली, तरी अधिक आशादायक आहे. अनियमित आणि जलद ठोके आठवडेच्या आठवडे चालले, तर डावे निलयही थकते आणि फुगते. १९१३ मध्येच गॉसेज आणि ब्रॅक्स्टन हिक्स यांनी एएफ असलेल्या रुग्णात असे अशक्त, विस्तारलेले निलय नोंदवले होते, आणि १९६२ मध्ये व्हिपल यांनी प्राण्यांत केवळ जलद पेसिंग करून हृदयाचा अशक्तपणा निर्माण होतो हे दाखवले. कारण दूर केले की असे निलय बऱ्याच अंशी परत येते. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॅमेरा-एमआरआय’ या अभ्यासात एएफ आणि कारण न सापडलेले अशक्त निलय असे दोन्ही असलेले ६८ रुग्ण होते. त्यांपैकी अर्ध्यांचा एएफ कॅथेटरने मोडला आणि अर्ध्यांचा फक्त वेग औषधाने आवरला. निलयातून प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण, म्हणजे इको अहवालात ‘ईएफ’ म्हणून छापलेला आकडा, सहा महिन्यांत पहिल्या गटात सरासरी १८ गुणांनी आणि दुसऱ्यात सुमारे ४ गुणांनी वाढला. एमआरआयमध्ये ज्यांच्या निलयात वण नव्हते, त्यांना सर्वांत जास्त लाभ झाला. अशक्तपणा आधी की एएफ आधी, हा बाह्यरुग्ण विभागात नेहमी पडणारा पेच पुष्कळदा लय परतल्यावरच सुटतो. आकडा सामान्य झाल्यावरही स्नायूच्या आत काहीतरी शिल्लक राहते असे मानायला मात्र जागा आहे, कारण अशा रुग्णाची लय पुन्हा बिघडली, तर निलय पहिल्यापेक्षा लवकर ढासळताना दिसले आहे.

अलिंद पुरते सावरले की नाही, हे आता ए शिखरापलीकडेही जाऊन मोजता येते. इको तपासणीत अलिंदाच्या भिंतीवरील ठिपक्यांचा माग काढून ती भिंत एका ठोक्यात किती ताणली जाते हे पाहतात; निरोगी डाव्या अलिंदात हा ताण सरासरी ३९ टक्क्यांच्या आसपास असतो. लय उत्तम पण ताण कमी, असे रुग्ण दुर्मीळ नाहीत, विशेषतः जुन्या एएफमध्ये किंवा कॅथेटरने अलिंदात विस्तृत भाजणी केल्यानंतर, जिथे लय राखण्यासाठी मुद्दाम केलेले वणच आकुंचनाचा काही भाग खाऊन टाकतात. चार आठवडे उलटले आणि ईसीजी नियमित राहिला, आता गोळी बंद करावी का, हा प्रश्न त्यामुळे ईसीजीवरून सुटत नाही. ‘अफर्म’ या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील अभ्यासात ४,०६० रुग्ण होते, आणि लय राखण्याच्या गटातील पक्षाघातांपैकी बहुतेक अशांना झाले, ज्यांचे वॉरफॅरिन थांबवले गेले होते किंवा ज्यांचा आयएनआर अपुरा होता. तेव्हापासून गोळी किती काळ घ्यायची, हे लयीवर नव्हे, तर वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा अशक्तपणा आणि आधी झालेला पक्षाघात यांच्या बेरजेवर ठरवले जाते. ही बेरीज अधिक असलेल्या सत्तरीच्या रुग्णाला वर्षानुवर्षे नियमित नाडी असूनही गोळी चालू ठेवावी लागते, आणि जोखमीची कोणतीही कारणे नसलेल्या तरुणाची ती चार आठवड्यांनी थांबवता येते.